मुके फोन

“...ते सारं ठीक आहे माय. पण आयकते का ते?”

शाल्मलीने लॅपटॉपचा पडदा सिस्टरकडे वळवला. “सिस्टर, ऐकणं हेच तर त्याचं काम. शंभर बायकांचे फोन आले, तर चौऱ्याण्णव जणींची अडचण ते बरोबर ओळखतं.”

“शंभर बायका...” सिस्टर म्हणाल्या, आणि पुन्हा ताटातले तांदूळ निवडू लागल्या.

ही गोष्ट मला शाल्मलीनेच सांगितली. हल्ली ती स्वतः शिकवते आणि दर वर्षी नव्या मुलांना पहिल्या दिवशी हीच सांगते. स्वतःची फजिती ती त्यातून गाळत नाही. मला तिचं कौतुक वाटतं ते त्यासाठी.

सिस्टर, म्हणजे द्वारका तायडे, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तेहतीस वर्षं त्यांनी वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत बाळंतपणं केली. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून तालुक्याच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या खोलीत त्यांनी नव्या बाळंतिणींसाठी एक फोन सुरू केला. काहीही विचारा, सिस्टर सांगतील. खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, एक जाडजूड वही आणि तो जुना वायरीचा फोन. एवढ्यावर त्यांनी बारा वर्षं काढली होती.

आता त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. डावा कान कामातून गेला होता. दुपारी दोन ते चार फोनची नुसती रीघ लागायची. घरची माणसं शेतात, सासू शेजारी, बाळ झोपलेलं... बाळंतिणीला स्वतःची अशी तेवढीच वेळ. नेमक्या त्या वेळी निम्म्या जणींना फोन लागायचा नाही. हे सिस्टरना खुपत होतं, पण उपाय सापडत नव्हता.

उपाय शाल्मलीने आणला होता.

ती पुण्याची, एकोणतीस वर्षांची. संगणकशास्त्र सामान्य माणसाच्या कामी कसं आणता येईल, हे शोधायला देशभरातून चाळीस तरुण संशोधक निवडले होते, त्यांतली एक. तिच्याबरोबरीच्या मैत्रिणी बड्या कंपन्यांत गेल्या. ही तीन वर्षं जीपमध्ये हाडं खिळखिळी करून घेत खेडी पालथी घालत होती. वऱ्हाडी बोली तिने मुळाक्षरांपासून शिकून घेतली. दवाखान्याने नाव-गाव पुसून दिलेली तीन वर्षांच्या फोनची रेकॉर्डिंग तिने आपल्या यंत्राला ऐकवली, आणि यंत्र खरोखर बोलू लागलं. बाळाला कावीळ दिसतेय, नाळ ओली आहे, दूध उतरत नाही, टाके दुखतात... यंत्र विचारपूस करायचं, सल्ला द्यायचं, गंभीर असेल तर थेट डॉक्टरांना जोडायचं. एका वेळी पन्नास जणींशी बोलायचं आणि कुणालाही फोन व्यस्त लागू द्यायचं नाही.

मुलीला गर्व होता, नाही असं नाही. पण तो कष्टाने मिळवलेला गर्व होता.

दवाखान्याच्या डॉक्टरांची अट एकच होती. सिस्टर हो म्हणाल्या, तर पहिल्या तारखेपासून सगळे फोन आधी यंत्राकडे जातील. नाही म्हणाल्या, तर शाल्मलीची तीन वर्षं पाण्यात. ती कागद घेऊन सहीसाठी आली होती. चाचणीपुरता लॅपटॉप फोनला जोडलेला होता. यंत्र नुसतं ऐकणार होतं आणि आपण काय केलं असतं ते पडद्यावर दाखवणार होतं.

सिस्टरनी एक खडा काढून बाजूला ठेवला. “किती फोन आयकून शिकलं हे?”

“बारा हजार चारशे.”

“आपले त चौदा हजार तीनशे होते.”

शाल्मली जरा चमकली. आकडा सिस्टरना तोंडपाठ असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“हो. बाकीचे एकोणीसशे काढून टाकले,” ती म्हणाली. “डेटा आधी साफ करावा लागतो सिस्टर. त्या फोनांत काही नव्हतंच. कुणी बोललंच नाही.”

“मुके फोन.”

“हो. उगाच लाइन अडवतात. म्हणून यंत्राला सांगून ठेवलंय, सहा सेकंद आवाज आला नाही की बंद कर. तेवढ्यात दुसरीला फोन लागेल.”

 टेबलावरची वही सिस्टरनी तिच्याकडे ढकलली.

शाल्मलीने ती वही पूर्वीच पाहिली होती. तारीख, वेळ, नंबर, गाव, तक्रार. तक्रारीच्या रकान्यात बऱ्याच ठिकाणी एकच शब्द होता... ‘होती’. वाक्य अर्धवट सोडलंय, असं समजून तिने त्या नोंदीही वगळल्या होत्या. आता तिने तसं सांगितलं आणि वर हेही सांगितलं की अपुऱ्या नोंदींनी यंत्राचा गोंधळ होतो.

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. ताप किती आहे ते हात न लावता ओळखायची सवय असलेल्या बाईची ती नजर होती.

“त्याच्यात काही नव्हतं, हे कोनं सांगतलं तुले?”

शाल्मली उत्तर देणार, तोच फोन वाजला.

सिस्टरनी उजव्या कानाला रिसीव्हर लावला. “बोल माय. द्वारका सिस्टर.”

पलीकडून काहीच नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली. ‘कॉल रिकामा. बंद केला.’ शाल्मलीने ती पाहिली आणि सिस्टरनाही दिसावीत म्हणून लॅपटॉप थोडा पुढे सरकवला. सिस्टरनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी फोनवरच्या छोट्या काचेत उमटलेला नंबर पाहिला, वहीची काही पानं मागे उलटली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी याच नंबरावरून एका सासूने नाळेबद्दल विचारलं होतं. गावाचं नाव लिहिलेलं होतं. त्यानंतर त्याच नंबरापुढे दोन नोंदी होत्या, मंगळवार आणि शुक्रवार. दोन्हींपुढे ‘होती’.

“बोलाचं नसन त नको बोलू,” सिस्टर म्हणाल्या. “मी इथंच आहे.”

मग त्यांनी ताट जवळ ओढलं, रिसीव्हर मान आणि खांदा यांच्यात धरला आणि तांदूळ निवडायला घेतले. दाणे ताटावर सरकल्याचा बारीक आवाज खोलीत येत राहिला. तोच तारेवरून पलीकडे जात असणार.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

शाल्मलीला बसवेना. बाहेर ओसरीवर कुणाची तरी औषधाची बाटली पडली, कुणी कुणावर खेकसलं. या वेळात किती फोन परत गेले असतील, ते ती मनात मोजत होती. पाचव्या मिनिटाला तिने खुणेने विचारलं, ठेवायचा का? सिस्टरनी मान हलवली नाही की डोळे वर केले नाहीत.

सातव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, “कोनी जवळ असन त फोनवर नखानं एकदा वाजव.”

...

टक्.

शाल्मलीने तो आवाज ऐकला. रिसीव्हर लांब होता, तरी ऐकला.

“लेकरू बरं आहे?”

टक्.

“दूध पेते?”

टक्.

“तू जेवली का आज?”

काही नाही.

“काल?”

काही नाही. सिस्टरचा हात तांदळात थांबला.

“झोप लागते?”

...

“लेकरू हाती घ्याचं भेव वाटते का माय तुले? आपल्या हातून काही होईन, असं?”

आता इतकी शांतता झाली की फोन बंद पडला असं शाल्मलीला वाटलं. तिने घड्याळ पाहिलं नाही. ती सांगते, त्या वेळी मला घड्याळाचं भानच नव्हतं.

टक्.

सिस्टरनी डोळे मिटले. “वाटते माय,” त्या हळू म्हणाल्या. “लई जणींले वाटते. तू वाईट आई नाही. वाईट असती त फोन केला नसता.” मग थोडं थांबून त्यांनी सांगितलं की आजच गावची आशाताई येईल, बाळाचं वजन करायला आले म्हणून सांगेल, घरच्यांना काही कळणार नाही. चालेल का?

टक्. आणि लगेच आणखी एकदा, टक्.

फोन पलीकडून ठेवला गेला. अकरा मिनिटं झाली होती.

सिस्टरनी आपल्या मोबाइलवरून आशाताईला गाठलं, चार वाक्यांत सगळं समजावलं आणि लेकरू एकटं ठेवू नको म्हणून दोनदा बजावलं. मग वही ओढली. तारीख, वेळ, नंबर, गाव. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, ‘होती’.

 पडद्यावर ती अक्षरं तशीच होती. शाल्मलीने लॅपटॉप मिटला.

आशाताईचा निरोप आला आणि साडेपाचला दवाखान्याची जीप त्या मुलीला घेऊन आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. बाळ सासूच्या कडेवर होतं, गुटगुटीत आणि झोपलेलं. ही मुलगी त्याच्यापासून चार पावलं लांब उभी होती आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते. दोन दिवस पोटात अन्नाचा कण नव्हता. डॉक्टरांनी तिला आत नेलं. सासू बिचारी घाबरून गेली होती. सून अबोल झाली म्हणजे रुसली, असंच तिला वाटत होतं. तिला कुणी दोष दिला नाही.

त्या मुलीला सावरायला पुढे दोन महिने लागले. पण ती सावरली, आणि बाळही तिच्याकडेच राहिलं.

शाल्मलीने त्या दिवशी सहीचा विषय काढला नाही. पुण्याची गाडीही सोडली. दवाखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत मुक्काम केला आणि सकाळी उठल्या उठल्या तिने टाकून दिलेले ते एकोणीसशे फोन पुन्हा उघडले. कानात इअरफोन घालून ऐकत बसली.

इथे मला शाल्मलीपुढे हात जोडावेसे वाटतात. आपण केर म्हणून टाकलेलं पुन्हा उपसून बघायला मोठं मन लागतं. त्यातून तीन वर्षांची शाबासकी पदरात पडायची वेळ असताना तर फारच.

एका फोनमध्ये नुसता पंखा फिरत होता. एकात बांगडी कशाला तरी घासत होती, मग दार वाजलं आणि फोन बंद झाला. एकात लांबवर बाळ रडत होतं आणि जवळ कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. एकात सिस्टर एकट्याच कोथिंबीर कशी निवडायची ते सांगत होत्या, सहा मिनिटं, आणि शेवटी पलीकडून फक्त एक हुंकार आला. दुपारपर्यंत साठ फोन ऐकून झाले. साठांतल्या एकाही फोनला रिकामा म्हणायला तिची जीभ रेटली नसती.

जेवण न करताच ती मागच्या खोलीत आली. डोळे सुजले होते, पण चेहऱ्यावर पुन्हा तेज होतं. संशोधक तो संशोधकच. रडून झालं की लगेच काहीतरी जुळवायला लागतो.

“सिस्टर, सगळं उलटं करते,” ती उभ्या उभ्याच सांगू लागली. “ज्या बोलतात त्यांना यंत्र सांभाळेल. कावीळ, ताप, टाके, सगळं त्याला येतं. आणि ज्या बोलत नाहीत त्यांचा फोन यंत्राने तोडायचा नाही. तो सगळ्यांत आधी माणसाकडे द्यायचा. तुमची लाइन त्यांच्यासाठीच मोकळी राहील.”

सिस्टरनी तिच्याकडे पाहिलं. मग पेन उचललं आणि कालच्या कागदावर सही केली. ‘द्वा. रा. तायडे’, नर्सांच्या त्या गोल, सुबक अक्षरात.

“चांगलं यंत्र केलं तू,” त्या म्हणाल्या. “मी कालही तेच म्हनत होती.”

शाल्मलीला भरून आलं. तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला. आता निघायचं, पण पाय निघेना. एक गोष्ट राहिली होती.

सिस्टर जन्मभर पुरणार नव्हत्या. त्यांच्यामागून कुणीतरी त्या खुर्चीवर बसणार, कदाचित पाच-सहा जणी, पाळीपाळीने. त्यांना शिकवावं लागणार. नियम लिहून द्यावा लागणार. तिने आपली वही काढली, पेनचं टोपण उघडलं.

“फक्त एक सांगा. मुका फोन आला, तर माणसाने किती वेळ धरून ठेवायचा? पाच मिनिटं? दहा? त्या एकोणीसशे फोनांची सरासरी काढली तर साडेआठ येते. पण साडेआठ म्हटलं, तर काल अकरा मिनिटं लागली. म्हणजे पंधरा लिहू का?”

सिस्टरनी टेबलावरची वही मिटली.

“मर्यादा तर घालावीच लागेल ना सिस्टर. काहीतरी आकडा...”



फोन वाजला.

सिस्टरनी हात पुढे केला, पण रिसीव्हर उचलला नाही. त्यांनी अख्खा फोनच शाल्मलीपुढे सरकवला. मग खुर्चीतून उठल्या आणि तिला खुर्ची दिली.

शाल्मली बसली. रिसीव्हर कानाला लावला. 

“बोला... बोल माय,” ती म्हणाली.

पलीकडून काहीच नाही.

तिने सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या.

“मी आहे इथे,” शाल्मली म्हणाली. आणखी काय बोलावं ते तिला सुचलं नाही. बारा हजार चारशे फोन तिने अभ्यासले होते, त्यांतलं एकही वाक्य आठवेना. तिने उघडलेलं पेन टेबलावर ठेवलं. समोर काय ठेवलंय, बाहेर ऊन किती चढलंय, कडुनिंबावर कसला पक्षी बसलाय, असलं काहीबाही ती हळू आवाजात सांगत राहिली. मग तेही संपलं. मग नुसती बसून राहिली.

कितीतरी वेळ गेला. ओसरीवरची माणसं आत येऊन औषध घेऊन गेली. कडुनिंबाची सावली खिडकीतून टेबलाच्या कडेपर्यंत आली.

पलीकडे कुणीतरी होतं. श्वासही ऐकू येत नव्हता, टक् नाही, बांगडी नाही. तरी होतं.

शेवटी शाल्मलीने रिसीव्हरवर तळहात धरला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“सिस्टर... कुणीच बोलत नाही.”

सिस्टर वळल्या. बराच वेळ शाल्मलीच्या हाताकडे बघत राहिल्या.

“मंग ठेवला काहून नाही तुनं?”